हिच्या नावाचा गंज

"ओ कंडक्टर! सरा ना मांगं! पॅन्ट पेटन ना तुमची!"

आचारी माझ्यावर ओरडत होता. त्याचा आवाज असा की दारव्ह्याच्या स्टँडवर उभी असलेली गाडी ड्रायव्हर नसतानाही निघून जावी. मी काही हटलो नाही. विहारासमोरच्या पटांगणात तीन दगडांच्या नव्हे, तीन डोंगरांच्या चुलीवर गंज चढला होता आणि मी ओलं फडकं घेऊन त्याच्याभोवती फिरत होतो. ज्वाळा पळसाच्या झाडाएवढ्या. धूर वर चढला की गंजाच्या पोटावर कोरलेली अक्षरं काळी पडायची. मी फडकं मारायचो. चर्र व्हायचं, वाफ उठायची आणि क्षणभर हिचं नाव दिसायचं. पुन्हा धूर.

"अरे बाप्पा, चुलीवरचं भांडं कोनी पुसते का?"

"तू खीर पाह्य. नावाचं मी पाहतो."

"नाव काय खीर खाते?"

कांदे चिरणाऱ्या बाया हसल्या. मीही हसलो. जन्मभर एसटीत तिकिटं फाडली, लोक हसले की आपणही हसायचं ही विद्या मला पगारासोबत मिळाली होती.

आता हा गंज म्हणजे काय चीज होती ते सांगतो. नाहीतर तुम्ही घरच्या वरणाच्या गंजाएवढा काहीतरी डोळ्यापुढे आणाल. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचाच गंज, पण असा की त्यात म्हैस उभी केली तर तिला शेपूट हलवायला जागा उरेल. यवतमाळला भांड्याच्या दुकानात मी सगळ्यात मोठा दाखवा म्हटलं, तर दुकानदारानं मला आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि मग विचारलं, "साहेब, कारखाना आहे का?" मी म्हटलं, "नाही. बायको वारली."

आमच्या वस्तीत ही रीत आहे. घरात माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या नावानं विहाराला काहीतरी दान द्यायचं. कोणी पंखा देतं, कोणी सतरंजी. पण खरं दान भांड्याचं. ही रीत आज्याच्या पिढीपासूनची. गावाची म्हणून भांडी होती देवळात, पण ती आमच्यासाठी नव्हती. आमच्याकडे लग्न निघालं की रॉकेलचे पिपे घासून त्यात वरण शिजायचं आणि वऱ्हाडी वरण पिताना एकमेकांकडे बघायचे. छप्पन्न साली सगळे नागपूरहून दीक्षा घेऊन आले. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नाला वस्तीनं ठरवलं की आता पिपा नाही. ज्याच्या घरी जे होतं ते त्यानं आणून ठेवलं. कोणी परात, कोणी कोपर, कोणी चुलीवरून उतरवलेलं पातेलं. एका म्हातारीकडे देण्यासारखं काही नव्हतं, तिनं घरातलं एकुलतं ओगराळं दिलं आणि म्हणे पुढे बरीच वर्षं ती स्वतःचं वरण वाटीनं वाढून घेत असे. प्रत्येकानं आपापल्या भांड्यावर नाव कोरून घेतलं. मालकी सांगायला नाही, सगळ्यांचं झाल्यावर आपलं कुठलं ते ओळखावं म्हणून. आमच्या वस्तीचं पहिलं सरकार हेच: ना निवडणूक, ना झेंडा, नुसती एक भांड्याची खोली आणि तिची किल्ली.

ती किल्ली आज्याकडून बापाकडे आणि बापाकडून माझ्याकडे आली. माझ्याकडे म्हणजे हिच्याकडे. मी दिवसभर दारव्हा-यवतमाळ करत असायचो. लोक यायचे, चहा प्यायचे, भांडी न्यायचे. आणि आमच्याकडे नेलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. परातीत बुंदीची वाटी असायची, कोपरात लाडू. वस्तीतलं असं एकही लग्न नव्हतं जे आमच्या घरी येऊन तोंड गोड करून गेलं नाही. मला साखरेचा आजार झाला तो या किल्लीमुळे, असं मी डॉक्टरला सांगितलं. त्यानं लिहून घेतलं नाही.

मग कॅटरर्स आले. दारव्ह्याहून टेम्पो येतो, भांडी उतरतात, पोरं टोप्या घालून वाढतात, टेम्पो परत जातो. किल्लीला विचारतो कोण? ही होती तोवर तरी बायका गप्पा मारायला यायच्या. ही गेली तशी आमच्या दारात मांजरसुद्धा येईनाशी झाली. मुलगा पुण्याला. फोनवर म्हणतो, "बाबा, डबा लावा." डबा लावला. डबा आणणारा बेल वाजवतो, दारात ठेवतो, मी दार उघडेपर्यंत त्याच्या गाडीचा नुसता धूर. एकदा मी दाराआड दबा धरून बसलो आणि बेल वाजायच्या आत दार उघडलं, तर तो एवढा दचकला की दुसऱ्या दिवशी डबा कुंपणाला अडकवून गेला.

तर असा मी, हिच्या नावानं भांडं घ्यायला निघालो तेव्हा हिशेब साधा मांडला. जेवढा मोठा गंज, तेवढी जास्त माणसं जेवतील, तेवढ्या तोंडांत हिचं नाव येईल. छोटा हत्ती टेम्पो करून गंज आणला. टेम्पोवाला म्हणाला, दुरून लोकांना वाटलं पाण्याची टाकी येऊन राह्यली. वस्तीत वाजतगाजत उतरवला आणि भांड्याच्या खोलीच्या दारात अडला. आडवा केला, तिरपा केला, मी दाराला शिव्या दिल्या. दार ऐकेना.

शेवटी विहारामागच्या टिनाच्या शेडमध्ये तो पालथा पडला. तीन वर्षं. पावसाळ्यात पोरं त्यावर ढोल बडवत. एका हिवाळ्यात कुत्रीनं त्याच्याखाली पिल्लं दिली, हिच्या नावाच्या बरोबर खाली. मी रोज जाऊन पिल्लांना भाकर टाकायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, गंज तपासायला आलतो.

यंदा विहार समितीची बैठक झाली. अध्यक्ष आमच्याच वस्तीतला तरुण मास्तर आहे, चांगला पोरगा, बोलताना खाली बघतो. त्यानं सांगितलं की शेडमध्ये पोरांसाठी अभ्यासिका करायची आहे. टेबलं येणार आहेत. गंज हलवावा लागेल.

"हलवून ठेवसान कुठं?" मी विचारलं.

त्यानं जास्तच खाली बघितलं. "काका, तो वापरातच नाही ना. मोडीत दिला तर निदान पुस्तकं येतीन."

बरोबर बोलत होता. त्याचाच जास्त राग आला. मी उठून उभा राहिलो आणि कंडक्टरचा आवाज लावला. "पौर्णिमेच्या भोजनदानाले पाच गावं येनार आहेत! तुमच्या कॅटररच्या डब्यात मावतीन का? गंज लागनच!"

"पाच गावं? कोनं सांगितलं?"

"मी सांगून राह्यलो ना."

सगळी बैठक हसली. माझं बोलणं कसं असतं ते वस्तीला ठाऊक आहे. मी एकदा अरुणावतीच्या पुरातून गाडी पोहवत नेली होती, ड्रायव्हर वल्हं मारत होता, हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलं आहे, दरवेळी पाणी फूटभर जास्त. तेवढ्यात महिला मंडळाच्या बाई बोलल्या. या हिच्या मैत्रीण, धुणं-पाणी-बचत गट सगळं दोघींचं जोडीनं.

"एक डाव चढू द्या ना गंज," त्या म्हणाल्या. "पौर्णिमेपावतर थांबा. माणसं नाही आली तर द्या मोडीत. मग भाऊजी बी काही म्हननार नाहीत."

मी म्हटलं, "मंजूर." म्हणजे तोंडानं.

मग पौर्णिमेपर्यंत मी जे केलं ते एसटीच्या नोकरीतही केलं नव्हतं. रोज सकाळी आंघोळ करून निघायचो. दारव्ह्याच्या बाजारात उभं राहून ओरडायचो. काळीपिवळीत बसायचो, पुढच्या गावापर्यंत सगळ्या गाडीला आमंत्रण द्यायचो, तिथं उतरून दुसऱ्या गाडीत. ड्रायव्हर मला पैसे मागायचे बंद झाले. त्यांना वाटलं मी निवडणुकीला उभा आहे. खिरीबद्दल मी इतकं बोललो की मलाच सुगंध यायला लागला. दूध अमुक म्हशींचं, काजू तर इतके की खीर शोधावी लागेल. तांड्यावर गेलो. तिथली एक म्हातारी बंजारा बाई म्हणाली, "याडी गं, हा मानूस एवढा बोलते, याच्या घरी कोनी नाही का?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, विद्या कामी आली.

आणि लोक आले.

खोटं सांगत नाही. या एका गोष्टीत मला वाढवून सांगायची सोय राहिली नाही. दुपार टळायच्या आत पटांगण भरलं. मोटारसायकली, काळीपिवळ्या, तांड्याच्या बाया, गावाच्या वरच्या आळीतली पोरंसुद्धा हातात वाटी घेऊन रांगेत. त्यांच्या आज्यांनी आमच्या आज्यांना भांडं दिलं नव्हतं; पोरांना ते माहीतही नसावं, त्यांना खिरीचा वास आला होता. आचारी गंजाशेजारी स्टुलावर चढून ढवळत होता. वाढायला हाताशी तेच म्हातारीचं जुनं ओगराळं होतं. मंडळाच्या बाई त्यानंच वाटी भरत होत्या.

मास्तर माझ्याजवळ आला. "काका," तो म्हणाला, यावेळी वर बघून, "गंज राहू द्या. टेबलं आपन तिकडं सरकवू."

मी मान हलवली. मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. गंज वाचला होता, पण गंज वाचवण्यासाठी मी एवढा ओरडलो नव्हतो. मी रांगेच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

"कोणत्या गंजातली खीर आहे माहीत आहे का?" मी एका पोराला विचारलं.

"मोठ्या."

"कोणाच्या नावाचा?"

"काका, लाईन अडून राह्यली."

एक म्हातारा ओठ पुसत म्हणाला, "ज्यानं कोनी दिलं त्याचं भलं होवो." मी म्हटलं, "त्यानं नाही, तिनं." पण तो ऐकू कमी येणारा होता, पाणी प्यायला पुढे गेला. मी पुन्हा फडकं घेऊन गंजाजवळ जाऊन पाहिलं. चूल विझत आली होती. गंजाच्या पोटावर काजळीचा एक जाड थर, अक्षर असं काही नाही. पाचशे माणसं तिच्याभोवती जेवत होती आणि मी एकटा तिथं तिला शोधत होतो. पाचशे नसतील. पण होती खूप.

दिवस मावळायच्या सुमाराला गाड्या निघाल्या. ज्याला त्याला मी "परत या" म्हटलं, जणू माझ्या घरचंच कार्य होतं. पटांगण इतक्या लवकर रिकामं झालं की मला शेवटची गाडी डेपोत लागल्यावर होतं तसं झालं: दिवे चालू, सीटवर कोणी नाही.

गंज निवला की घासायला आत उतरावं लागतं. मी पॅन्ट वर केली आणि उतरलो. तळाला खीर लागली होती, राखेनं घासत बसलो. आत बसून बोललं की आवाज घुमून परत येतो. घरी तेवढंही होत नाही. म्हणून मी बोलत बसलो, आज कोण कोण आलतं ते एकेक सांगत.

"भाऊजी, कोनासंगं बोलून राह्यले?"

मंडळाच्या बाई काठावरून वाकून बघत होत्या. हात कोपरापर्यंत खिरीचे, पदर खोचलेला, थकून गेलेल्या.

"तुम्ही जेवले का?" त्यांनी विचारलं.

"ते राहू द्या. वहिनी, खरं सांगा. तुम्ही सुरुवातीपासून वाढायले होत्या, एकूनएक माणूस तुमच्या समोरून गेला." मी उभा राहिलो, तरी गंज माझ्या छातीपर्यंत आला. "लोकं हिच्याबद्दल काय बोलले?"

त्यांनी ओगराळं पाण्यात बुडवलं, खंगाळलं.

"काही नाही बोलले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जेवले."