लाकडाचं मी बघतो

शंकरपटात बैलाची तपासणी होते, माणसाची होत नाही. हे मी चिडून सांगतोय असं वाटलं तर वाटू द्या, चिडूनच सांगतोय. शर्यतीला जोडी मैदानात उतरायच्या आधी जनावरांचा डॉक्टर येतो, कानातला बिल्ला बघतो, पाय बघतो, दाखला देतो. चाबूक नको, टोचायची पराणी नको. बरोबरच आहे, मुकं जनावर आहे, झालंच पाहिजे. पण त्या बैलांच्या मागं छकडीवर जो माणूस बसतो त्याच्या डोक्याला काय आहे, तो बसलाय ते लाकूड धड आहे का, हे विचारायला कुणी येत नाही. दाबून गुळगुळीत केलेली मातीची पट्टी असते, तिच्या शेवटाला लोक ट्रॅक्टर आणून लावतात आणि टपावर चढून बघतात. सुटलेली जोडी थांबणार कुठं, हेही कुणी विचारत नाही.

लाकूड बघायचं काम माझं होतं. मी सुतार आहे.

गेवराई तालुक्यातल्या आमच्या भागात पटाची छकडी म्हटलं की लोक माझ्याकडं यायचे. छकडी म्हणजे दोन चाकं, एक कणा आणि बैलांच्या जुवापर्यंत जाणारी लांब दांडी, एवढंच. जेवढी हलकी तेवढी जोडी पळते. माझी छकडी दोन पोरं हसत खेळत उचलून नेत, आणि त्याचा मला लई तोरा होता. खोटं कशाला सांगू? दुसऱ्या कुणाची हलकी निघाली असं कानावर आलं की मला रात्री झोप लागायची नाही.

चैत्रातल्या जत्रेच्या आधी शेजारच्या गावचा जोडीवाला आला. हा मालक ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम, बोलण्यात गोड आणि मनात तेवढाच पक्का. "मिस्तरी, दांडी अजून दोन सूत उतरवा," म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ऐकायला काहीच नाही. मी म्हणालो, सागाची आहे, झेपंल. रंधा मारत गेलो आणि आतली गाठ वर आली. बोराएवढी काळी गाठ, नेमकी कण्याच्या पुढं, जिथं सगळा भार येतो तिथं. माझ्या बापानं असं लाकूड चुलीत घातलं असतं. मी भुसा आणि सरस कालवून तिथं लिंपलं, वरून लाल रंग मारला. दुसरी दांडी घडवायला वेळ नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. वेळ होता. पण दुसरी दांडी जड झाली असती.

त्या मुकादमाची जोडी हाकायचा तो त्याच्याच टोळीतला, पण आमच्या गावचा एक जण. सव्वीस-सत्तावीसचा असेल. दसरा झाला की बायकोला घेऊन ऊस तोडायला जायचा, परत आला की पटात जोड्या हाकायचा. आधी प्यायचा. पोरगी झाली तशी दारू सोडली. बायकोच्या समोर त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. लोक त्याला चिडवायचेही, पण त्याला ते चालायचं.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो छकडी न्यायला माझ्या शेडात आला. दांडीवरून हात फिरवला, कण्यापाशी थांबला, परत फिरवला. "काका, हितं बोटाला कायतरी लागतंय," म्हणाला. आता त्याला मी काय सांगायचं होतं? गाठ आहे रे, मी लिंपलीय, थांब दोन दिवस? मला राग आला. कालचं पोरगं मला लाकूड शिकवायला लागलं, असं वाटलं. मी म्हणालो, "तू बैल हाक. लाकडाचं मी बघतो."

तो हसला, दांडी खांद्यावर घेतली आणि छकडी ओढत गेला.

दुसऱ्या दिवशी मैदानात मी त्याच्याजवळच होतो. जू बांधताना, खीळ ठोकताना आमची डोकी एकमेकांना लागत होती. पटाच्या दिवशी तो वजन नको म्हणून उपाशी राहायचा, सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तोंडाला कसलाही वास नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. डोक्याला रुमाल बांधला, कासरा उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन आवळला. हातातून सुटू नये म्हणून सगळेच असं करतात. आजवर त्याला कुणी चूक म्हटलं नाही, मीही नाही.

झेंडी पडली. जोडी अशी सुटली की माझ्या अंगावर काटा आला. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर कडकन् आवाज झाला. दांडी मोडली, मोडलेलं टोक मातीत घुसलं आणि छकडी उलटी झाली. बैल पळतच राहिले आणि कासऱ्याला तो. पट्टीच्या शेवटाला ट्रॅक्टर होते, त्यातल्या एकाच्या मागच्या चाकावर त्याचं डोकं आदळलं. रुमाल तेवढा जागेवर राहिला होता. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो संपला.

सगळी जत्रा त्याच्याकडं पळाली. मी छकडीकडं पळालो.

हे वाक्य लिहायला मला कितीतरी दिवस लागले. माणूस मातीत पडलाय आणि मी मोडलेलं लाकूड शोधतोय. वीतभर तुकडा पडला होता, गाठ अर्धी त्याच्यात, अर्धी दांडीत. लिंपलेला भुसा खपलीसारखा निघाला होता. मी तुकडा सदऱ्याखाली घातला आणि घरी येऊन शेडाच्या आढ्यावर, पत्र्याखाली खुपसून ठेवला. पंचनाम्यात आलं, बैल बुजले, गाडी उलटली. मी पंचांच्या मागंच उभा होतो.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तर मुकादम चार लोकांत सांगत होता, "गडी पेलेला व्हता. आपन कितीबी सांगा, सवय जात न्हाई." लोकांनी माना हलवल्या. आधी प्यायचा, म्हणजे आताही प्याला असणार, झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. रक्ताच्या तपासणीचा कागद आज येईल, उद्या येईल म्हणत आलाच नाही, तोवर बोलणं गावभर पक्कं झालं. बैलांचा दोष नाही, मालकाचा नाही, मैदान भरवणाऱ्यांचा नाही आणि सुताराचं तर नावच नाही. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

आषाढात माझी बायको नळावरून आली ती हंडा तसाच धरून दारात उभी राहिली. म्हणाली, "त्या मेलेल्या गड्याची बायको बघितली का तुमी? पोरीच्या डोक्याला हात लावीना झालीय." मी विचारलं, कावून? तर म्हणे, बापानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि मोडली. खोटी शपथ लेकराला लागती. पोरीला दोनदा ताप येऊन गेला, तशी ती बया हाय खाऊन बसलीय. उतारे टाकती, देवऋष्याकडं जाती, आणि आपल्या हातानं काही वाईट व्हायला नको म्हणून पोरीची वेणीसुद्धा शेजारीण घालती.

मी त्या दिवशी जेवलो नाही. बायकोला वाटलं, तब्येत बरी नाही.

तरी मी लगेच गेलो नाही. आधी मुकादमाकडं गेलो. म्हटलं, दांडी माझी खराब होती, निदान त्या बाईला तरी सांगू. त्यानं चहा मागवला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मिस्तरी, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मैदान आपलं, जोडी आपली, मानसं आपलीच. तुमी बोलला तर पयलं तुमचंच नाव येतंय. मेलेला काय उठून येनार हाय का?" मी चहा पिऊन घरी आलो. एवढंच माझं शौर्य. आणखी तीन आठवडे गेले.

पोळ्याच्या आधी तोच मुकादम परत आला. बैलांना नवी छकडी पाहिजे होती. म्हणाला, "तेवढीच हलकी करा, मागच्यासारखी." मागच्यासारखी! माझ्या हातात लाकूड तासायचा वाकस होता, मी तो खाली ठेवला, कारण माझा स्वभाव मला माहीत आहे. "चालते व्हा माझ्या शेडातनं," एवढं म्हणालो. मग शिडी लावली आणि आढ्यावरचा तुकडा काढला.

तिचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं. ती दारात शेंगा फोडत बसली होती. पोरगी, सहा वर्षांची असेल, लांब उंबऱ्याला टेकून. दोघींच्या मधी हातभर जागा मोकळी होती. मी खालीच बसलो आणि तुकडा तिच्यापुढं ठेवला.

"ह्यो तुज्या नवऱ्याच्या छकडीचा हाय," म्हणालो. "ही गाठ बघ. मला म्हाईत व्हती. मी लिंपली. हितनंच मोडलं. तो पेला न्हवता. मी जू बांधताना त्याच्या तोंडापाशी व्हतो."

तिनं तुकडा उचलला, गाठीत अंगठा घातला. रडेल असं वाटलं, रडली नाही. "पोलिसात सांगाल?" तिनं विचारलं.

"सांगतो."

"तसं न्हाई काका. हिच्या डोक्यावर हात ठिवून सांगा."

पोरगी माझ्याकडं बघत होती. ज्या हातानं रंधा मारला तोच हात मी तिच्या डोक्यावर ठेवला. केस उन्हानं तापले होते. म्हणालो, तुझ्या बापानं शपथ मोडली न्हाई. लाकूड माझं खराब व्हतं. उद्या सकाळच्या गाडीनं ठाण्यात जाऊन हेच लिहून देतो.

हात मागं घेतल्यावर तिनं पोरीला ओढून पुढ्यात बसवलं. हात उचलला, मधेच थांबवला, मग ठेवला. शेजारणीनं घातलेली वेणी सोडली आणि बोटांनी गुंता काढायला लागली. मी उठायला लागलो तेव्हा माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"त्या दिशी सकाळी मला लई भ्या वाटत व्हतं, काका. जाऊ नगा म्हनलं. तर मला म्हनले, घोर करू नगं. सुतारकाका म्हनलेत, लाकडाचं मी बघतो."