लेन्स उलटी लावणाऱ्या पोट्ट्याची चौकशी

किन्हीराजा गावच्या जगदेवचा अख्ख्या मालेगाव तालुक्यात कोणावर भरवसा नव्हता, आणि त्याचं त्याला काही वाईटही वाटत नसे. दुकानातून साखर आणली की घरच्या काट्यावर पुन्हा तोलायची, आणि वजन बरोबर भरलं की मग काट्यावरच शंका घ्यायची, असा हा गडी. देवळात कोणी पेढा हातावर ठेवला तर आधी हुंगणार, मग बायकोला अर्धा देणार आणि तिला काही होत नाही हे बघून उरलेला खाणार. रुखमाबाईनं त्याच्याबरोबर संसार केला तो कसा केला, हे तिचं तिला माहीत.

पण हा स्वभाव काही हवेतून आला नव्हता. जगदेव शाळेत होता तेव्हा त्याच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं. चांगलं घर, गोड बोलणारी माणसं, मग चौकशी कशाला करायची, असं त्याचे वडील म्हणाले. लग्नानंतर कळलं की नवऱ्याचं आधीचं एक घर आहे, त्यात बायको आहे, लेकरंही आहेत. बहीण परत आली ती कायमची. ती उभ्या आयुष्यात कोणाला वाकडं बोलली नाही. पण जगदेवनं तेव्हाच ठरवलं होतं की आपण विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आणि त्याला लेक एकच, वैजयंती. आता काय होणार, सांगायला नको.

वैजयंती आरी वर्क करायची. लाकडी चौकटीवर ब्लाऊजचं कापड ताणायचं आणि आकडीच्या सुईनं बारीक मणी नि टिकल्या भरायच्या. वाशीमपर्यंतच्या नवऱ्या मुली तिच्याकडून ब्लाऊज करून घेत. हात असा की बघत राहावं. स्थळंही चांगली येत होती, पण बापाच्या चाळणीतून एकही खाली पडेना. एका मुलाच्या घराला नुकताच रंग दिलेला होता, म्हणून जगदेवच्या मनात आलं, रंगाखाली काय लपवलं? ते स्थळ गेलं. एकाचे वडील सगळ्याच गोष्टींना हो म्हणत होते. इतकं हो कोणी म्हणतं का? तेही गेलं. एक मुलगा घरात गॉगल लावून बसला, तो तर चहा येण्याआधीच गेला. पोरीची तिशी जवळ आली. अलीकडे वैजयंतीनं पाहायला येणाऱ्यांसाठी साडी बदलणं सोडून दिलं होतं.

अशात वैजयंतीच्या मामानं हरीओमचं स्थळ आणलं. मालेगावात वाशीम रोडला त्याचा फोटो स्टुडिओ, आईवडील शेतीत, मुलगा शांत. तूर फुलोऱ्यात होती तेव्हा तो पाहायला आला. पोहे झाले, चहा झाला. मग रीतीप्रमाणे रुखमाबाईनं पोरीच्या हातचं काम पुढं ठेवलं. हरीओमनं तो ब्लाऊज हातात घेतला आणि सगळं विसरला. पोरीला बघायला आलेला माणूस तिच्या टाक्यांकडेच बघत बसला. फोटो काढू का, असं त्यानं वैजयंतीला विचारलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला.

इथं गोष्ट बिघडली. हरीओमनं कॅमेऱ्याची लेन्स फिरवून काढली आणि जगदेवच्या डोळ्यांदेखत उलटी लावली. पुढची बाजू आत, मागची बाजू बाहेर. जगदेवनं मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा पोहे खात होता.

हरीओम मात्र खुशीत सांगत होता. मुंगीचं तोंड नाहीतर मण्याचं भोक टिपायचं तर त्याची मॅक्रो लेन्स वेगळी येते, ती फार महाग, आपल्या गावच्या धंद्यात परवडत नाही. मग साधी लेन्स एका कडीवर उलटी चढवली तरी जवळचं काम भागतं. नाहीतर कॅमेरा नि लेन्सच्या मध्ये नळी बसवायची. त्यानं ती नळी जगदेवच्या हातात दिली. जगदेवनं डोळ्याला लावली, मग आत बोट घातलं, तर बोट पलीकडून बाहेर आलं. नळीत काचच नव्हती! काच लागतच नाही, म्हणाला हरीओम, लेन्स थोडी दूर सरकली की झालं. फ्लॅशवर त्यानं दुधाची धुतलेली पिशवी रबरानं बांधली, उजेड मऊ पडावा म्हणून. मग कापडावर वाकला, श्वास रोखला, आणि अंगच पुढं-मागं करायला लागला. अशा लेन्सला फिरवायचं काही नसतं, माणसानंच केसभर सरकायचं असतं.

वैजयंतीनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिला. राईएवढा मणी भोपळ्याएवढा दिसत होता आणि त्यातून गेलेल्या दोऱ्याचा पीळसुद्धा मोजता येत होता. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. तिनं हरीओमला विचारलं की मोबाईलवर असं काही होतं का, तर तो म्हणाला, जुन्या बिघडलेल्या सीडी प्लेअरमधलं इवलंसं भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटवून बघा. दोघं बोलतच बसले. रुखमाबाईनं मनातल्या मनात हळद दळायलाही घेतली.

जगदेवच्या डोक्यात मात्र तीनच शब्द फिरत होते. उलटं, पोकळ आणि पिशवी. शिवाय पोट्टा श्वास रोखतो काहून? दमा तर नाही? आणि जो लहान गोष्ट एवढी मोठी करून दाखवतो, तो मोठी गोष्ट लहान करून लपवतही असेल की. पाहुणे गेल्यावर तो रुखमाबाईला एवढंच म्हणाला, की चौकशी करतो.

आता जगदेवच्या चौकशीची एक तऱ्हा होती. तो सरळ कधी विचारत नसे. सरळ विचारलं की लोक गोड बोलतात, असं त्याचं ठाम मत. म्हणून तो खडा टाकून पाहायचा. मुलाबद्दल स्वतःच एखादी वाईट गोष्ट रचायची, ‘असं आयकलं’ म्हणून सोडून द्यायची आणि समोरच्याचं तोंड बघायचं. तोंड पडलं तर गोष्ट खरी. मालेगावात सलूनच्या खुर्चीत बसून त्यानं खडा टाकला, की तो वाशीम रोडचा फोटोवाला नकली लेन्स वापरतो म्हणे. चहाच्या टपरीवर टाकला, की त्याचं सामान आतून पोकळ आहे म्हणे. एसटीत शेजारच्याला विचारलं, त्या पोराला दम्याचा त्रास आहे म्हणतात, तुमच्या कानावर आलं का? कोणाच्या कानावर काही आलेलं नव्हतं. लोक नुसतंच ‘अस्सं?’ म्हणायचे. त्या ‘अस्सं’चाही जगदेवला संशय यायचा.

इकडं वैजयंतीनं कुठून तरी बिघडलेला सीडी प्लेअर आणला, त्यातलं भिंग काढलं आणि मोबाईलवर चिकटवलं. आपल्या टाक्यांचे फोटो ती स्टेटसला ठेवू लागली. काम करताना गुणगुणायची. बाप आत आला की गप्प व्हायची. हेही जगदेवनं टिपून ठेवलं.

महिना झाला असेल. मालेगावच्या बाजारात त्याला सेवालाल भेटला. सेवालाल मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा, बकऱ्यांचा व्यापारी, आणि जगदेव ज्याच्यावर त्यातल्या त्यात कमी संशय घेई असा माणूस. चहा घेता घेता सेवालालनंच विषय काढला. त्याच्या नात्यात लग्न होतं आणि फोटोला हरीओमला सांगितलं होतं, पण आता दुसरा पाहून राहिलोत, म्हणाला. काहून? तर त्या पोराचा कॅमेराच नकली आहे, सामान सारं पोकळ, एका लग्नातले सारेच्या सारे फोटो काळे निघाले, आणि दम्यानं तो मांडवातच आडवा झाला होता.

जगदेवनं कप खाली ठेवला. कुठं मानोरा आणि कुठं किन्हीराजा! त्या मुलखातून बातमी यावी आणि ती आपल्या शंकेशी अक्षर न् अक्षर जुळावी, यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे? त्यानं त्याच संध्याकाळी मेव्हण्याला फोन करून नकार कळवला. घरात रुखमाबाई रडली. वैजयंती रडली नाही. तिनं मोबाईलवरचं भिंग नखानं खरवडून काढलं, चौकटीवरचं कापड सोडवलं आणि घडी घालून ठेवलं. पुढं जेवायला वाढायची, विचारलं तेवढं बोलायची. जगदेवला वाटलं, रुसली असेल, जाईल रुसवा. आपण पोरीला वाचवलं, आपल्या बापाला जमलं नाही ते आपण केलं, या समाधानात तो चार रात्री गाढ झोपला.

पाचव्या रात्री त्याला संशय आला. सेवालालनं एवढं सगळं आपणहून कशासाठी सांगितलं? त्याला कोणी सांगितलं? कोणी भांजी तर मारली नसेल? जमत आलेल्या सोयरिकीत कोणी तरी हळूच वाईट शब्द घालतो आणि लग्न मोडतं, त्याला भांजी मारणं म्हणतात, आणि भांजी मारणाऱ्याइतका जगदेवला दुसऱ्या कोणाचा तिटकारा नव्हता. आपल्या पोरीच्या वाईटावर कोण आहे, ते शोधायचंच, असं ठरवून तो सकाळीच निघाला.

सेवालालनं आढेवेढे न घेता सांगितलं की त्याला ते मालेगावच्या सलूनमध्ये कळलं. काळ्या फोटोंचं नि मांडवात आडवं होण्याचं मात्र वाटेत कोणी तरी जोडलेलं असावं, तेवढं त्यानं स्वतःहून कबूल केलं. जगदेव तडक सलूनमध्ये गेला. सलूनवाला कोणाची तरी दाढी करत होता. जगदेवनं आयुष्यात पहिल्यांदा खडा न टाकता सरळ विचारलं, की फोटोवाल्याची ती नकली लेन्सची गोष्ट तुला कोणी सांगितली?

सलूनवाल्याचा वस्तरा थांबला. “कायची मजा करता, भाऊ? तुमीच तं सांगतली. याच खुर्चीत बसून.”

जगदेव टपरीवर गेला. तिथंही तेच. अहो, किन्हीराजाचा एक पोक्त माणूस सांगून गेला, तुम्हीच ना ते? जगदेवनं तिथंच बाकड्यावर बसून सांगायला सुरुवात केली, की ते सारं खोटं आहे, पोरगा चांगला आहे, लेन्स उलटी लावायची असते, नळी पोकळच असते. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं हसत विचारलं, काय भाऊ, आता सोयरीक जमली वाटते? दुसरा म्हणाला, दबाव आला असन. जगदेव शपथ घ्यायला लागला तसे लोक आणखीच सावध झाले. या माणसाला एवढी तारीफ करायची गरज काय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि तोंड वाचण्यात तर जगदेवचा हात धरणारा कोणी नव्हता. लाज वाटली त्याला. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती.

स्टुडिओत हरीओम एकटाच होता. लग्नसराई तोंडावर असूनही बाकावर कोणी बसलेलं नव्हतं. जगदेव उंबऱ्यात उभा राहिला आणि त्यानं होतं तसं सगळं सांगितलं. सलून, टपरी, एसटी, दमा, काही ठेवलं नाही. हरीओम ऐकत होता. तो चिडेल, धक्के मारून बाहेर काढेल, अशी तयारी जगदेवनं केली होती. त्यानं फक्त खुर्ची पुढं सरकवली.

“काकाजी, चौकशी केली त्याचं मले वाईट नाही वाटलं,” हरीओम म्हणाला. “पोरीचा बाप हाय, कराच लागते. पण साऱ्या तालुक्याले इचारलं तुमी, मले नाही इचारलं. मी तं तुमच्या पुढ्यातच बसलो होतो.”

जगदेव त्या खुर्चीत बसला आणि त्यानं विचारलं, आता काही होऊ शकते का? हरीओम म्हणाला की त्याच्याकडून नकार आधीही नव्हता आणि आताही नाही. गेलेली गिऱ्हाइकं हळूहळू येतील. “पण आता वैजयंतीले इचारा. ते हो म्हणत असन तं मी आईबाबाले घेऊन येतो. तुमाले वाटते म्हणून नोको.”

घरी येईपर्यंत जगदेव एसटीत शेजारच्याशी एक शब्द बोलला नाही. वैजयंती ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. चौकटी भिंतीला टेकवलेल्या होत्या, त्यावर धूळ बसली होती. तो तिच्यासमोर खाली बसला. इतकी स्थळं आली नि गेली, पण पोरीला काय वाटतं हे आपण एकदाही विचारलं नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

“वैजू,” तो म्हणाला, “तुले तो हरीओम पसंत हाये का?”

तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं आणि बापाचं तोंड नीट निरखलं, आधी डोळे, मग ओठ, मग पुन्हा डोळे.

“काहून इचारून राह्यले, बाबा?” ती हळूच म्हणाली. “कोनं काई सांगतलं का?”

जगदेवनं नाही म्हणून मान हलवली. तिनं ते पाहिलं, आणि विश्वास न बसल्यासारखं ‘अस्सं?’ म्हणून पुढची शेंग उचलली.