पंक्चरवाल्याचा निकाल

निपाणीत हायवेला लागून अण्णाचं पंक्चरचं दुकान आहे. तिथल्या जुन्या टायरांवर बसून आम्ही रोज संध्याकाळी आमच्या फुटबॉल क्लबचा कारभार हाकतो. क्लबात त्याला कुणी विचारत नाही, पण शेवटचा निकाल तोच देतो. बोलायच्या आधी फडक्याला हात पुसतो, त्याच फडक्यानं तोंड पुसून आणखी काळा होतो आणि मग सुरू होतो.

बेळगावहून नवा कोच आला तेव्हा मी म्हटलं, "चार मॅच तरी बघूया की, अण्णा."

"काय बघतोस? चष्मा लावतंय ते! तिघं गेलं, ह्यो चौथा."

तिघांनाही आम्ही एकाच कारणानं घालवलं होतं. आमच्या पोरांचे शॉट गोलवरून थेट उसात जायचे.

क्लबच्या बॉलांत हवा तोच भरतो, तीही अगदी जीव लावून. एकदा कोच स्वतः बॉल घेऊन आला. ह्यानं ट्रकचा कॉम्प्रेसर लावून बॉल दगडासारखा केला आणि वर पाना आपटून खात्री केली. कोचनं अंगठ्यानं बॉल दाबला, सुई घातली आणि बरीच हवा सोडून दिली.

"अण्णा, बॉल हाय ह्यो. ह्याच्यावर ऊस न्यायचा न्हाय."

त्या रविवारी आमचे दोन शॉट चक्क जाळीत गेले.

"कोचला चानस द्याय पायजे," सोमवारी निकाल लागला.

"आणि आधीचे तिघं?" मी विचारलं.

त्यानं सावकाश हात पुसले, तोंड पुसलं.

"त्येंनी कधी बॉल दाबून बघितला व्हय?"