पुतळाबाईच्या हॉटेलात उतरलेलं वऱ्हाड

श्रीपती गवंड्यानं उभी हयात दुसऱ्यांची घरं बांधण्यात घालवली. त्याची बायको पुतळाबाई भूमच्या आठवडी बाजारात भजी तळायची. चार थेंब पडले की तापलेली कढई उचलून आडोसा शोधावा लागे. एकदा अशीच ओलीचिंब होऊन ती घरी आली आणि म्हणाली, "एवढ्या लोकांना छप्पर दिलं तुमी. माझ्या कढईला कवा देता?"

श्रीपतीनं ते मनावर घेतलं. रस्त्याकडेला त्यांची थोडी जागा होती, तिथं त्यानं पाया खणला. मुलगा प्रसेनजित सिमेंट कालवायचा, लेक पौर्णिमा भिंतींवर पाणी मारायची आणि पुतळाबाई घमेली वाहायची. भट्टीचा ओटा किती उंच हवा यावरून नवरा-बायकोचं चांगलंच वाजलं. शेवटी श्रीपतीनं तिला समोर उभं केलं आणि तिच्या कमरेच्या मापानं ओटा बांधला.

हॉटेल झालं, पण चालेना. काही जण दारातून डोकावायचे, समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला की घाई असल्यासारखे पुढं जायचे. फोटो आत लावा, असं एकानं सुचवून पाहिलं.

"बांधलं आमी, तर फोटू बी आमचाच दिसंल," पुतळाबाई म्हणाली. फोटो हलला नाही.

मग लग्नसराईत एका सांजेला अणदूरच्या वऱ्हाडाचा टेम्पो नेमका दारासमोर बंद पडला. लग्न लावून, नवी नवरी घेऊन ते परत निघाले होते. मेकॅनिकला यायला वेळ होता, पोरं भुकेनं रडत होती. नवरदेवाची आजी सिताबाई टेम्पोतून उतरली, काठी टेकत हॉटेलात आली, फोटोपुढं क्षणभर थांबली आणि सरळ भट्टीपाशी गेली.

"बाई, पीठ हाय का?"

"हाय की. पर एवढ्या मानसांना माझे दोनच हात."

"आमचे काय हळदीत बुडल्यात व्हय?" असं म्हणून सिताबाईनं बाह्या सारल्या आणि परात ओढली.

बघता बघता वऱ्हाडातल्या बाया भाकरी थापायला बसल्या. नवरी वर्षाराणी मुंडावळ्या मागं सारून कांदे चिरत होती. कांद्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी सिताबाई म्हणाली, "सासरी जाताना रडली न्हाय, आता रडती बघा." सगळ्या बाया हसून लोटपोट झाल्या. पुतळाबाईनं पिठल्याचं पातेलं उतरवलं, भज्यांचे घाणे काढले. एवढी वर्दळ बघून रस्त्यावरची माणसंही थांबली, आत आली, जागा नव्हती तर उभ्यानं जेवली. बाहेर वाजंत्री वाजवतच होते.

त्या दिवसापासून हॉटेलात बाकडं रिकामं म्हणून राहिलं नाही.

यंदा श्रीपती आणि प्रसेनजितनं वरचा मजला चढवला. पंखे, टेबलं, हात धुवायला बेसिन, सगळं नवं. वरचं हॉटेल उघडलं त्या दिवशी पौर्णिमानं आईला भट्टीपाशी जाऊच दिलं नाही. हाताला धरून खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं.

पुतळाबाई अवघडून पदर सारखा करत राहिली. मग श्रीपतीच खांद्यावर फडकं टाकून समोर येऊन उभा राहिला.

"काय आणू?"

तिनं जरा विचार केला. "गरम काय हाय?"

"भजी हायती. पर म्या तळल्यात."

"आणा," ती म्हणाली, आणि खुर्चीवर मांडी घालून ऐसपैस बसली.