सावंतकाकांची गाडी लग्नाला निघते

आमचं गॅरेज डिलाईल रोडच्या एका गल्लीत आहे आणि आमची खोली बरोबर त्याच्या वर. खोलीत टीव्ही चालू असतो, म्हणून दहावीचा अभ्यास मी खाली गॅरेजमध्ये करते. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे थोड्या वेळाने लोक मला स्टेपनी समजतात आणि बिनधास्त गप्पा मारतात! किस्से मला गोळा करावे लागत नाहीत, ग्रीससारखे आपोआप चिकटतात. त्यातले निम्मे तरी एकट्या सावंतकाकांच्या गाडीचे असतील.

*

सावंतकाकांनी आयुष्यभर टॅक्सी चालवली. टॅक्सी सुटली, पण घरची जुनी गाडी त्यांनी सोडली नाही. गेले काही महिने गिअर टाकला की तिच्यातून खर्रर्र असा आवाज यायचा. बाबा मान वर न करताच म्हणायचे, "आले!"

त्यांच्या मुलीचं, वैशालीताईचं लग्न ठरलं. काकांची एकच इच्छा, तिने त्यांच्या गाडीतून दादरच्या हॉलवर जायचं.

वैशालीताई गॅरेजमध्ये येऊन म्हणाली, "पप्पा, मी येईन. पण हा आवाज गेला तरच. नाहीतर मी मोबाईलवरून टॅक्सी मागवणार. नवरी आली की गिरणी आली, असं नको व्हायला!"

काका दुखावले. "गो, ती दळणा नाय. ती बोलता!"

*

आमच्या गल्लीत बॉनेट उघडलं की सल्ले देणारे जमतात. एक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ बराच वेळ वाकून बघत होते.

"नुसतं साफ करून भागणार नाही," ते म्हणाले. "मुळापासून बाहेर काढायला लागेल."

बाबांना बरं वाटलं. त्यांचाही विचार गिअरबॉक्स उतरवायचाच होता.

"गॅरेज कुठे तुमचं?"

"गॅरेज नाही हो. दातांचा दवाखाना!"

*

गिअरबॉक्स उतरवला, उघडला. आत सगळं ठणठणीत. परत बसवला. बाबांनी गल्लीतून एक चक्कर मारली, गिअर लोण्यासारखे पडत होते. मग काका बसले. खर्रर्र!

पुन्हा बाबा बसले. आवाज नाही. पुन्हा काका. खर्रर्र!

काका उलट खूशच झाले. "बघलंस? माझ्याशीच बोलता ती!"

शेवटी बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काकांनी आत बसायच्या आधी चपला काढल्या, गाडीला नमस्कार केला आणि चपला पायाशी सरकवल्या. नेमक्या क्लचखाली!

"काका, या चपला कधीपासून इथे ठेवता?"

"मग खंय ठेवू? लक्ष्मी आसा ती. चपला घालून बसू काय?"

"पण क्लच पूर्ण दाबलाच जात नाही! आधी तर गिअर नीट पडायचे."

"आधीच्या चपला पातळ होत्या. ह्यो डॉक्टरी. टाच दुखता म्हणान दिवाळीत आणून दिलेल्यो."

"कोणी?"

"वैशालीन!"

*

गिअरचा प्रश्न सुटला, पण इंजिन जरा अडखळत होतं. टायमिंग बघायला हवं होतं, म्हणजे ठिणगी वेळेवर पडते की नाही ते. त्यासाठी बाबांकडे पिस्तुलासारखा दिवा आहे. तो लुकलुकतो तेव्हा फिरणाऱ्या पुलीवरची खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. ती बाजूच्या रेघेसमोर आणायची. बाबांनी आणली.

मग ट्रायल. नवरीच्या जागी सावंतकाकू मागे बसल्या, ठेवणीतली पैठणी नेसून! पुलाचा चढ लागला तशी गाडी टक टक करायला लागली आणि मध्यावर बंदच पडली. मागच्या बसवाल्याने हॉर्नवरून हात काढला नाही.

काकू काच खाली करून त्याला म्हणाल्या, "अरे, नवरी बसलीय आत!"

ढकलत गाडी परत आणली. बाबांनी खूण फडक्याने पुसली तर फडकं लाल! दसऱ्याला काकूंनी बॉनेट उघडून जे जे गोल दिसलं त्याला कुंकू लावलं होतं. बाबांनी टायमिंग त्या कुंकवावर लावलं होतं!

"मग?" काकू म्हणाल्या. "गाडीची पूजा काय नुसत्या टपाची करायची?"

*

लग्नाच्या दिवशी गाडी अजिबात आवाज न करता हॉलवर पोचली. इतकी गुपचूप, की बँडवाले चहाच पीत राहिले.

संध्याकाळी पाठवणी. वैशालीताई आणि नवरदेव मागे बसले. त्यांना माटुंग्याला, सासरी, बाबा सोडणार होते, काका हॉलवरच थांबणार होते. बाबांनी चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा फिरवली. तेच.

बाबांनी बॉनेट उघडलं. मी टॉर्च धरला. बाबांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत रोटर नावाचा सुपारीएवढा तुकडा असतो, तो चारी सिलिंडरना ठिणगी वाटतो. त्याची जागा रिकामी होती.

बाबांनी काकांकडे बघितलं. मीही बघितलं. काका खिशात हात घालून हॉलच्या पाटीकडे बघत उभे होते. त्यांच्या मोतिया सदऱ्याच्या खिशावर एक काळा तेलकट डाग होता.

बाबांनी झाकण परत बसवलं.

"अर्धा तास तरी लागेल," ते मोठ्याने म्हणाले. "बसा सगळे."

नवऱ्याकडची मंडळी कुरकुरत आत गेली. वैशालीताई शालू सावरत खाली उतरली आणि काकांशेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसली.

काका बाबांना म्हणाले, "निवांत कर रे. घाई नाय."