आईला गिळता येत नव्हतं, आणि लोक केळी आणत होते

या पोस्टखाली कुणीही 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहू नका.

हात जोडलेली चित्रं तर अजिबात टाकू नका. तुमचे हात मी गेल्या वर्षी बघितलेत. त्यांत डझनभर केळी होती.

आईला जाऊन आज वर्ष झालं.

तिच्या अन्ननलिकेत गाठ होती. शेवटची स्टेज. पाण्याचा एक घोट उतरवायला तिला मान खाली घालून दम धरावा लागायचा.

आणि तुम्ही केळी आणत होता.

उशाशी ठेवायची, "लईच वाळल्या की हो" म्हणायचं, चहा प्यायचा. जाताना माझ्या कानाशी लागायचं, "आण्णा, किती दिवस सांगितलेत?"

आईचं अंग वाळलं होतं. कान शाबूत होते.

माझा चुलतभाऊ नाना तोंडात तंबाखू धरून म्हणाला, "काकूनं मिश्री सोडायला पायजे हुती."

पुण्याचा पुतण्या व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आजी, स्माइल!" तिनं ओठ हलवले. पाच मिनिटांत तो फोटो त्याच्या स्टेटसला.

असली माणसं.

पण थांबा. सगळ्यात मोठा शहाणा अजून राहिलाय. मी.

मी आईला सांगितलंच नव्हतं. घरात कॅन्सर हा शब्द बंद. बायकोला ताकीद, पोरांना ताकीद. पित्तानं नळी सुजलीय, एवढंच म्हणायचं.

आणि नेलं कुठं? बार्शीला, कॅन्सरच्याच दवाखान्यात!

आमच्या येरमाळ्याकडं 'बार्शीला नेलंय' म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. एसटीत शेजारची बाई "कुठं निघालाव?" म्हणाली, आणि उत्तर ऐकून तिनं आईला खिडकीची जागा दिली. सातवीपर्यंत शिकलेल्या मला तेव्हाही काही कळलं नाही.

मला सारखी धास्ती. रिपोर्ट गव्हाच्या कोठीत लपवला. आईला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी दिवसातून तीनदा जाऊन तो तिथंच आहे का बघायचो. दुखण्याची गोळी द्यायची तर वाटायचं, सवय लागंल. ती कण्हेपर्यंत थांबायचो. बायको पेज करायची आणि डोळ्यांना पदर लावायची. करायचं काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

एका दुपारी महादूची बायको आली.

महादू टेलर, माझा शाळेपासूनचा जोडीदार. तीन वर्षांपूर्वी त्यालाही हेच झालं, घशाचं. तेव्हा मी त्याच्या दारापर्यंत जायचो. उंबऱ्याबाहेर उभा राहून "बरं हाय का?" विचारायचो. चहा आला की म्हणायचो, "आत्ताच घेतला."

गावात बोलत होते, हा रोग भांड्यातनं येतो. मी ते खरं धरलं. पन्नास वर्षांची दोस्ती, आणि मी कपाला भ्यालो.

शेवटी शेवटी त्यानं चहा सांगायचंच सोडलं. मग तो गेला.

वैनी रिकाम्या हातानं आल्या. हात धुतले. आईच्या पाठीशी उशा लावून तिला बसती केली. मऊ फडकं कोमट पाण्यात भिजवून तिचं तोंड आतून पुसलं. मग माझ्याकडं वळल्या.

"भावजी, गोळी कवा दिली?"

"अजून दुखत न्हाय म्हणून..."

"दुखायची वाट बघता व्हय? डॉक्टरनं सांगितल्या टायमाला द्यायची. घड्याळ बघा, त्यांचं तोंड नका बघू."

त्या रोज दुपारी येऊ लागल्या. तेवढा वेळ मी अंगणात बसायचो. कधी कधी बसल्या बसल्या झोप लागायची.

आठ-दहा दिवसांनी आईनं मला जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता.

"कोठीतला कागद काढ बाहीर. तुझ्या भ्यानं गव्हाला कीड लागंल."

"तुला माहीत हुतं?"

"पित्तासाठी बार्शीला कोण जातंय रं, येड्या?"

वैनी पदरात तोंड घालून हसल्या. आई हसली, मग खोकत राहिली. सदुसष्ट वर्षांचा मी मात्र रडत होतो.

"मग बोलली का न्हाईस?"

"तू लई कष्टानं खोटं बोलत हुतास. म्हटलं, बोलू द्यावं."

मग जरा दम खाऊन म्हणाली, "महादू आजारी पडल्यापसनं हिच्या घरी च्या पिलास का कधी?"

वैनी फडकं पिळत राहिल्या.

"हिचा हात माझ्या तोंडात चालतो. हिचा कप तुला चालत न्हाय?"

"आई..."

"जाऊन पी एकदा."

पुढचे तीन आठवडे ती सगळं उघड बोलली. कुठली साडी नेसवायची, गाईचं काय करायचं. तेराव्याला नानाला माझ्या फोटोजवळ बसवू नका, हेही. दुखणं होतंच. पण गोळी वेळेवर होती आणि बोलायला माणूस होतं.

ती गेली, आणि मी वर्षभर महादूच्या घरी गेलो नाही. आधी भ्यालो होतो, आता लाजलो. फरक काय? उंबरा तोच राहिला.

आज सकाळी गेलो. आत गेलो.

महादूची मशीन कापड टाकून झाकलेली. वैनींनी काही न विचारता चहा ठेवला. साखर जास्त झाली होती. सगळा पिलो, आणि अजून अर्धा कप मागितला.

वैनी म्हणाल्या, "ते असते तर म्हणले असते, कपडे द्यायला मीच उशीर करतो वाटायचं, हा तर माझ्या वरताण निघाला."

तुमच्या गल्लीतल्या कुणाला बार्शीला नेलं असेल, तर इथं काही लिहीत बसू नका. तिकडं जा. केळी नका नेऊ. चहा आला तर प्या.

आई, पिलो गं.

नीज आता.