खात्याला हात लावायचा नव्हता

परदेशातल्या विद्यापीठानं मला घेतलं होतं. इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं, सगळं पार पडलं होतं. उरली होती एकच अट. तिथं वर्षभर राहण्याजेवणाला लागेल एवढी रक्कम आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खात्यात दिसायला हवी होती. आणि व्हिसाच्या अर्जाआधी महिनाभर ती एका दिवसासाठीसुद्धा कमी व्हायला नको होती. तिथल्या एका खोलीचं भाडं ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात सांगलीत अख्खं घर मिळंल की गं." तरी आण्णांनी ठेवी मोडल्या, खताच्या दुकानातून पैसा काढला आणि रक्कम जमवली. खात्याला हात लावायचा नाही, हे मी त्यांना दहादा बजावलं होतं. ते दरवेळी 'व्हय व्हय' म्हणायचे.

आणि नेमका तेव्हाच इस्लामपूरच्या आतोबांना, आत्याच्या यजमानांना, हृदयाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यात आधी पैसे भरायला सांगितले. आत्याचा फोन आला तसे आण्णा चप्पल पायात सरकवून बाहेर पडले. मला कुणी विचारलं नाही. आमच्याकडं अशा वेळी विचारायची रीतच नाही. सोयऱ्याधायऱ्यांत कुणी दवाखान्यात पडलं की ज्याच्याजवळ पैसा असेल त्यानं तो उचलायचा, बाकीचं मागनं बघायचं. आतोबा वाचले. आठवड्याभरात दुकानाची वसुली आली आणि आण्णांनी उचललेली रक्कम परत भरली.

बँकेचा कागद हातात आला तेव्हा मला कळलं. मी आदळआपट केली, तर आण्णा बघतच राहिले. "परत भरल्यात की. रुपाया कमी न्हाई," म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं काय बिघडलं ते. पुन्हा महिनाभर थांबायला मुदत उरली नव्हती, म्हणून तसाच अर्ज केला. नकार आला. पुढच्या वर्षी तिथला खर्च इतका वाढला की काही केल्या मेळ बसेना.

राग लय आला. अजून येतो, खोटं कशाला बोलू? पण काढायचा कुणावर? तिकडं माणूस मरत होता. आण्णांनी एवढंच सांगितलं, "दाजींच्या कानावर यातलं काय जाऊ देऊ नगा. जिवाला लावून घेतील." व्हिसाला उशीर होतोय, एवढंच आतोबांना सांगितलं गेलं.

आता मी पाचगणीच्या एका शाळेत शिकवते. परदेशी जाणाऱ्या मुलांचे अर्जही माझ्याकडंच असतात. खात्याला हात लावू नका, असं त्यांच्या पालकांना सांगते. ते हसतात. त्यांना हात लावायची वेळच येत नाही.

परवा दिवाळीला आतोबा आले. बरेच थकलेत. माझा हात हातात धरून म्हणाले, "पोरी, कवा जाणार गं तू?"

आण्णा ताटात बघत बसले.

"पुढच्या वर्षी, आतोबा."

"जा सावकाश. तुला इमानात बसवल्याबिगर मी काय मरत न्हाई बघ."

मी मान हलवली. पुढच्या दिवाळीलाही मी त्यांना पुढचं वर्षच सांगणार आहे.